वाचकांचे प्रश्न : सांधा का सुटतो?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातील सागवानी खुर्ची आहे. तिच्या मागच्या पायातून आडवी पट्टी निखळते. सुतारकामाचा पांढरा डिंक भरपूर घालून ती दोनदा बसवली. परंतु महिन्या-दोन महिन्यांत खुर्ची पुन्हा खिळखिळी झाली. आता याहून जोरदार डिंक कोणता घ्यावा? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : डिंक आपण योग्यच निवडला होता, तो जिथे लावला ती जागा त्याला धरू देत नव्हती. पांढरा डिंक म्हणजे पाण्यात बारीक कणांच्या रूपाने पसरलेले पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. लाकूड त्यातील पाणी शोषून घेते, त्याबरोबर डिंक तंतूंमध्ये शिरतो आणि पाणी निघून गेले की मागे त्याचा सलग थर उरतो. आपल्या खुर्चीत लाकडाची छिद्रे पहिल्याच वेळच्या डिंकाने बुजली आहेत, आणि वाळलेल्या डिंकावर घातलेला नवा डिंक लाकडापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा ‘भरपूर’ घातल्याने काहीही साधले नाही.

पट्टी पूर्ण बाहेर काढावी. तिच्या टोकाचे कुसू (खाचेत बसणारा भाग) आणि पायातील खाच यांवरचा जुना थर गरम पाण्यात व्हिनेगर मिसळून भिजवलेल्या फडक्याने मऊ करावा व पटाशीने खरवडावा. खरवडताना लाकूड मात्र छिलू नये, कारण कुसू जितके बारीक होईल तितका सांधा सैल होईल. नंतर एक-दोन दिवस सर्व भाग पूर्ण सुकू द्यावेत. सागात तेलाचा अंश असतो, म्हणून डिंक लावण्याआधी थिनरचा हलका हात फिरवून तो उडू द्यावा. आता कुसू कोरडेच खाचेत घालून पाहावे. ते हाताच्या दाबाने, किंचित घासत आत गेले तर दोन्हीकडे डिंकाचा पातळ हात पुरे. डगमगत असेल तर त्यावर लाकडाची पातळ पापडी चिकटवून ते जाड करावे, कारण पांढऱ्या डिंकाने पोकळी भरून निघत नाही. पोकळी फारच मोठी असेल तर दोन नळ्यांमधले एपॉक्सी समप्रमाणात घेऊन त्यात सागाचा भुसा मिसळावा. ते आटत नाही, त्यामुळे फट भरून राहते.

यापुढचे काम घाईने बिघडते. शिकंजा (सांधा दाबून धरणारे साधन) नसल्यास खुर्चीच्या पायांभोवती सुती दोरीचे दोन वेढे घ्यावेत, त्यांत लाटणे अडकवून पीळ द्यावा आणि सांध्यातून डिंकाचे बारीक मणी बाहेर आले की थांबावे. हे मणी ओल्या फडक्याने लगेच पुसावेत, नाहीतर पुढे पॉलिश करताना तेथे पांढुरके डाग राहतात. दोरी रात्रभर तशीच ठेवावी व चोवीस तास खुर्चीवर कोणी बसू नये. पावसाळ्यात आणखी एक दिवस थांबावे.

जाता जाता एक गोष्ट. जुने सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक, वापरीत. तो ऊब आणि ओलावा मिळाला की सुटतो, म्हणून दुरुस्तीसाठी सांधा उघडता येतो. आजोबांची खुर्ची मुळात सरसाने जोडलेली असेल तर सांध्यात तपकिरी, काचेसारखे ठिसूळ कण दिसतील. तेही काढून टाकावेत.

प्रश्न : प्लॅस्टिकच्या बादलीला तडा गेला आहे. झटपट चिकटणारा डिंक, एपॉक्सी, चपला जोडण्याचे सोल्यूशन असे सर्व करून पाहिले. काहीच का टिकत नाही? (एक वाचक, जालना)

उत्तर : बादल्या बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनच्या असतात. तळाशी त्रिकोणात २, ४ किंवा ५ हा आकडा असेल तर तशीच समजावी. या प्लॅस्टिकवर डिंक नीट पसरतच नाही, तेलकट तव्यावर पाण्याचे थेंब गोळा व्हावेत तसा तो आक्रसतो. असे प्लॅस्टिक वितळवूनच सांधता येते. बादलीला तापल्या लोखंडाने डाग देणारे कारागीर नेमके हेच करतात. कारागीर मिळत नसेल तर नवी बादली घेणे स्वस्त पडते. नळाच्या पीव्हीसी पाइपाचे मात्र उलट आहे : त्याचे सॉल्व्हंट सिमेंट प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळवून दोन तुकडे एकजीव करते. बादलीचे प्लॅस्टिक त्यात विरघळत नाही, म्हणूनच ते बादलीवर चालत नाही.

प्रश्न : घरातील जुन्या छापील पोथीची पाने फाटली आहेत. सेलोटेप लावू की पांढरा डिंक? (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : दोन्ही नको. सेलोटेपचा चिकट थर काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, आणि पांढरा डिंक सुकल्यावर कागदाला ताठ करतो व पुढे पाण्याने सहज निघत नाही. कागदासाठी खळच उत्तम, कारण ती ओलाव्याने पुन्हा सोडवता येते. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळ्या न होता कालवावा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक झाक येईपर्यंत शिजवावा आणि गार झाल्यावर गाळून घ्यावा. फाटलेल्या जागी पातळ, लांब तंतूंच्या जपानी कागदाची पट्टी हाताने फाडून खळीने लावावी. कातरीने कापलेल्या सरळ कडेशी कागद पुन्हा तुटतो. वर-खाली बटर पेपर ठेवून वजनाखाली सुकवावे. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात; जुन्या पोथीसाठी ते टाळावे, कारण ते विषारी आहे आणि त्यातील तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो. पोथी हस्तलिखित असेल तर घरी काहीच न करता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी विचारावे.

प्रश्न : कपाचा तुटलेला कान जोडला, पण चहा ओतताच निघाला. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : झटपट चिकटणारा डिंक गरम ओलाव्यात ठिसूळ होतो, आणि घरगुती एपॉक्सीही उकळत्या चहाच्या उष्णतेने मऊ पडते. कान एपॉक्सीने जोडून त्या कपात पेने ठेवावीत. झटपट डिंक सुती कापडाने मात्र पुसू नये. कापूस आणि हा डिंक एकत्र आले की एवढी उष्णता निघते की बोटे भाजतात.