ओतण्याची उदाहरणे सोडवताना

एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याच्या उदाहरणांत समीकरण मांडण्याची घाई करू नये. आधी वहीत ‘ओतण्यापूर्वी’ आणि ‘ओतल्यानंतर’ असे दोन रकाने आखावेत. समजा, सांगलीजवळच्या एखाद्या दूध संकलन केंद्रावर मोठ्या कॅनमध्ये 40 लिटर आणि लहान कॅनमध्ये 8 लिटर दूध आहे, आणि मोठ्यातून लहानात किती ओतले असता मोठ्यातील दूध लहानातील दुधाच्या तिप्पट राहील, असे विचारले आहे. शिकवणीत मला अनेक वह्यांत 40 − क्ष = 3 × 8 ही मांडणी दिसते; उत्तर 16 येते, परंतु ताळा पाहिल्यास दोन्ही कॅनमध्ये 24 लिटर भरते, म्हणजे तिप्पट दूर राहिले, दूध समसमान झाले. ओतलेले दूध जमिनीवर सांडत नाही, ते लहान कॅनमध्ये जाते; म्हणून 40 − क्ष = 3(8 + क्ष) असे मांडावे, म्हणजे क्ष = 4 येतो आणि 36 व 12 असा ताळा जुळतो.

दूध काढून तेवढेच पाणी घालण्याचा प्रकार मात्र निराळा आहे. 20 लिटर दुधातून दोनदा 4 लिटर काढून पाणी घातले, तर पहिल्या खेपेनंतर 20 लिटर मिश्रणात 16 लिटरच दूध असल्याने दुसऱ्या खेपेला निघणाऱ्या 4 लिटरमध्ये दूध 3.2 लिटरच असते, त्यामुळे शेवटी 12 नव्हे, तर 12.8 लिटर दूध उरते.