मोबाइलमधलं बिटकॉइन वॉलेट अख्खी ब्लॉकचेन न उतरवता व्यवहार कसे तपासतं?

ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची नोंदवही. ती आज ५०० जीबीच्या वर गेली आहे, ती फोनवर ठेवणं परवडत नाही. म्हणून हलकं वॉलेट प्रत्येक ब्लॉकचं (व्यवहारांच्या गठ्ठ्याचं) फक्त हेडर, म्हणजे वरचा छोटा गोषवारा, घेतं. हेडर ८० बाइटचं. दहा मिनिटांना साधारण एक ब्लॉक धरला तर वर्षभराचे हेडर ४ एमबीच्या आसपास. ही युक्ती सातोशी नाकामोतोच्या २००८च्या मूळ लेखातच आहे.

हेडरमध्ये ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून बनलेला एक हॅश (माहितीवरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) असतो, मर्कल रूट. समजा, तुम्हाला आलेले पैसे ४,००० व्यवहारांच्या ब्लॉकमध्ये आहेत. फुल नोड, म्हणजे अख्खी ब्लॉकचेन तपासणारा नेटवर्कवरचा संगणक, तो व्यवहार आणि सोबत जेमतेम १२ हॅश पाठवतो. वॉलेट जोडीजोडीने हॅश काढत वर जातं आणि शेवटचं उत्तर रूटशी जुळलं की झालं, व्यवहार त्या ब्लॉकमध्ये आहे. नोडला खोटा व्यवहार घुसवणं फार अवघड, पण खरा दडवून ठेवणं सोपं. त्यामुळे चांगलं वॉलेट एकाच नोडवर विसंबत नाही.

खरी अडचण खासगीपणाची. बीआयपी ३७ मध्ये (बीआयपी म्हणजे बिटकॉइन सुधारणेचा प्रस्ताव) वॉलेट ब्लूम फिल्टर, म्हणजे तुमच्या पत्त्यांची धूसर केलेली यादी, नोडला द्यायचं आणि त्यावरून तुमचे बिटकॉइन पत्ते बऱ्यापैकी ओळखता यायचे. बीआयपी १५७ आणि १५८ मध्ये उलटं आहे: नोड प्रत्येक ब्लॉकचा छोटा फिल्टर देतो, जुळणी फोनमध्येच होते, जुळलं तर वॉलेट पूर्ण ब्लॉक मागवतं. मला हीच पद्धत पटते.

इलेक्ट्रमसारखी वॉलेट मात्र सर्व्हरला विचारतात, आणि कोणते पत्ते एकाच माणसाचे हे त्या सर्व्हरला कळू शकतं. जमत असेल तर स्वतःचा नोड आणि सर्व्हर चालवून वॉलेट त्यालाच जोडा.