एक घर म्हणजे एकच घर: शेडरमधली कड पिक्सेलला बांधताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. येवल्याच्या विणकरासाठी तुम्ही वेबजीएलवर (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स काढण्याची सोय) शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिलाय, तो बुट्टीभोवती कड काढतो. पुढे त्याचाच जॅकार्डसाठी (नक्षीप्रमाणे धागे उचलणारं मागावरचं यंत्र) ग्राफ, म्हणजे चौकटींचा नकाशा, होणार, म्हणून एक पिक्सेल म्हणजे एक घर, आणि कड एकाच घराची हवी. ५०० × ५०० च्या बुट्टीवर ती नेमकी येते. १२०० × ४०० चा काठ टाकला की उभ्या कडा जाड होतात आणि आडव्या फिक्या पडतात. ‘चित्र कोणत्याही मापाचं असो, फिल्टर तसाच चालायला हवा ना?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय.

आधी आकडेमोड करू, कारण दोष त्यातच उघडा पडतो. शेजारचं घर बघायला तुम्ही दोन्ही दिशांना ०.००२ इतकं सरकता. शेडरला चित्राची रुंदीही ० ते १ आणि उंचीही ० ते १. ५०० च्या चित्रात ०.००२ म्हणजे बरोबर १ पिक्सेल. हा निव्वळ योगायोग. १२०० रुंदीत तेच २.४ पिक्सेल होतात. मग दोन घरं पूर्ण भरतात आणि तिसरं चाळीस टक्के, म्हणून कड जाड आणि बाहेरून पुसट. ४०० उंचीत ०.८ पिक्सेल, म्हणजे आडवी कड ऐंशी टक्केच उमटते. शेडर इमानदारीने सांगितलेलंच करतोय.

तेव्हा आडवं पाऊल १ भागिले रुंदी, उभं पाऊल १ भागिले उंची, दोन्ही वेगवेगळी. वेबजीएल २ मध्ये टेक्स्चरचं, म्हणजे शेडरला दिलेल्या चित्राचं, माप शेडरमध्येच विचारता येतं; वेबजीएल १ मध्ये ते युनिफॉर्म (मुख्य प्रोग्रॅमने शेडरला दिलेली किंमत) म्हणून बाहेरून द्यावं लागतं. माप मूळ चित्राचं घ्या, कॅनव्हासचं (पानावर चित्र उमटतं त्या चौकटीचं) नको. मोबाइलवर किंवा ब्राउझर झूम केलेला असताना कॅनव्हासचे खरे पिक्सेल आणि पडद्यावर दिसणारं माप यांचा मेळ बसेलच असं नाही, आणि त्यात भलेभले फसतात.

‘कोणत्याही मापाला तसाच’ याबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. मी नाशिकच्या सातपूरला छपाईपूर्व काम करतो, द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं वगैरे. एका हंगामात मी तुमच्या उलट चूक केली. नक्षीचा उठाव थेट २ पिक्सेलला बांधून टाकला. छोट्या प्रूफवर झकास दिसला, खोक्याच्या मापाच्या फाइलमध्ये शोधूनही सापडेना. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) एका मिलिमीटरमध्ये जवळपास १२ पिक्सेल बसतात, दोन पिक्सेल कोणाच्या डोळ्यांना दिसणार? तेव्हापासून फिल्टरमधल्या प्रत्येक अंतराला मी विचारतो, तू चित्राचा की जाळीचा? सावली, उठाव, धूसरपणा हे चित्राचे. ते चित्रासोबत वाढले पाहिजेत. तुमची कड जाळीची, धाग्याला बांधलेली. तिने वाढायचं नाही. दोन्ही एकाच स्लायडरवर ठेवलेत तर एक नक्की बिघडणार. मधलंही एक प्रकरण असतं: चित्रासोबत वाढावी पण तुटक पिक्सेलात अडकू नये अशी रेघ. तिथे टक्क्यांचे पिक्सेल करा, जवळच्या पूर्णांकाला आणा आणि १ च्या खाली जाऊ देऊ नका. स्लायडर मग थोडा धक्के देत सरकतो. सरकू द्या.

आता अर्ध्या पिक्सेलचं. पिक्सेलचा मध्य पूर्णांकावर नसतो, अर्ध्यावर असतो: पहिल्याचा ०.५ भागिले रुंदी, दुसऱ्याचा १.५ भागिले रुंदी. तुमच्या कोडमध्ये जागा रुंदीने गुणून, खाली पूर्णांक करून परत भागली आहे. त्याने तुम्ही चार घरांच्या चौकात उभे राहता आणि लिनियर फिल्टर (शेजारच्या पिक्सेलांचं मिश्रण करणारा) चालू असेल तर चौघांची सरासरी हाती येते. भागण्याआधी ०.५ मिळवा. त्याहून बरं, फिल्टर निअरेस्ट, म्हणजे सर्वात जवळचा एकच पिक्सेल घेणारा, करा. आणि वेबजीएल २ असेल तर टेक्सेलफेच वापरून सरळ घर क्रमांकानेच वाचा. त्यात हद्दीबाहेर गेलात तर सावरून घेणारं कोणी नाही. काठासारखं पुन्हा पुन्हा येणारं चित्र असेल तर क्रमांक स्वतःच गुंडाळून घ्या, म्हणजे शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिल्यापासून मोजा.

मोबाइलवर शेडरमधल्या आकड्यांना मीडियमपी (मध्यम) अचूकता ठेवली असेल तर तीही बदला. तिथे आकडे अनेकदा १६ बिटी फ्लोट (अपूर्णांक साठवायची पद्धत) असतात, आणि त्यात ०.५ ते १ च्या दरम्यान सर्वात लहान पाऊल १/२०४८ असतं. ४००० रुंदीच्या पदराच्या उजव्या अर्ध्यात मग जवळपास दोन-दोन पिक्सेलना एकच पत्ता मिळतो. हायपी (उच्च अचूकता) ठेवा.

इथवर केलंत तरी विणकर तक्रार करेल, आणि त्याचं बरोबर असेल. तुम्ही प्रत्येक घराची तुलना फक्त डावीकडच्या आणि वरच्या घराशी करता. त्यामुळे समजा बुट्टीत मोर असेल, तर त्याची डावी कड मोराच्या अंगावर पडते आणि उजवी कड त्याच्या बाहेर. मोर एक घर उजवीकडे सरकल्यासारखा दिसतो, वर-खालीही तेच. डावं-उजवं दोन्ही बघून वजाबाकी केलीत तर सारखेपणा येतो, पण सीमेच्या दोन्ही अंगांना एकेक घर रंगतं आणि कड दोन घरांची होते. म्हणून इथे वजाबाकी सोडाच. सरळ विचारा: हे घर बुट्टीतलं आहे का, आणि त्याच्या चार शेजाऱ्यांपैकी एखादं तरी बाहेरचं आहे का? दोन्ही ‘हो’ असतील तर कड. ती सगळीकडे आतून आणि एकाच घराची येते. चारांऐवजी कोपऱ्यातले धरून आठ शेजारी घेतले तर तिरप्या जागी कड पायऱ्या-पायऱ्यांची, सलग होते. चारांत ती कोपऱ्याला कोपरा लावून चालते. त्याच्या मागावर कोणती बसते ते विणकरालाच विचारा, तो ग्राफ बघून क्षणात सांगेल.

तपासायला एक युक्ती. बुद्धिबळाच्या पटासारखं, एक पिक्सेल काळा एक पांढरा असं पीएनजी करा. जेपेग नको, ते कडेला स्वतःचे रंग घालतं. त्याला शेडरमधून एक पिक्सेल उजवीकडे सरकवा आणि मूळ चित्रात मिळवा. सगळीकडे २५५, म्हणजे शुभ्र पांढरं, आलं पाहिजे. कुठेही राखाडी दिसलं तर तुमचं पाऊल तुटक आहे. मग हेच वर-खाली करा. चित्राचं माप ५१२ घेऊ नका, तिथे चुका दडून बसतात. ५०१ × ३३३ असलं काहीतरी वाकडं घ्या. सरकवल्यावर पहिली उभी ओळ जुळणार नाही, तिला शेजारच नाही, तेवढी सोडून द्या.