अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन दुर्बिणीनेच करावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा ५ वर्षांचा आहे, अ‍ॅडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागची गाठ काढायला सांगितलंय, दुर्बिणीचा (एंडोस्कोपचा) खर्च जास्त येतो तर साध्या पद्धतीने केलं तर चालेल का. माझं स्पष्ट मत, दुर्बिणीनेच करा.

आमच्या घरात यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही म्हणून एवढं लिहितेय. लेक रात्रभर तोंड उघडं टाकून घोरायची, मधेच श्वास अडकून दचकून उठायची, वर शाळेतून तक्रार की हिचं लक्ष नसतं. लक्ष कसलं, कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं, पोरीला ऐकूच कमी यायचं! मोठे भाऊजी म्हणाले दुर्बीणबिर्बीण सगळे बिल वाढवायचे धंदे, आमच्या पोरांचं साधंच केलं होतं, काय बिघडलं? घरात त्यांचा शब्द शेवटचा, मग त्यांच्याच ओळखीच्या डॉक्टरांकडे साधं ऑपरेशन झालं. थोडे दिवस बरं गेलं आणि थंडी पडली, नाशिकची थंडी माहितीच आहे, की परत तेच घोरणं.

मग मी कुणाला न विचारता तिला गंगापूर रोडला दुसऱ्या ईएनटीकडे नेलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं, नाक मागे घशात उघडतं तिथे वरच्या बाजूला गाठ तशीच, कानातून नाकामागे उघडणाऱ्या नळीच्या तोंडाशी पण, ती नळी अडली की कानात पाणी साचतं. ही गाठ टाळूच्या वर लपलेली, तोंडातून सरळ दिसत नाही, साध्या पद्धतीत क्युरेट म्हणजे खरवडायचं हत्यार घालून हाताच्या अंदाजाने खरवडतात, मधलं निघतं पण वरचं आणि कडेचं राहू शकतं. दुर्बिणीने डॉक्टर बघत बघत काढतात, मायक्रोडिब्रायडरने (फिरत्या पात्याने कापून ओढून घेणारं यंत्र) किंवा कोब्लेशनने (कमी उष्णतेत गाठ विरघळवायची पद्धत), रक्त कुठून येतंय तेही दिसतं.

पोरीला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली, ऑपरेशन थिएटरबाहेर बसून माझं काय झालं ते भाऊजींना काय कळणार. आता शांत झोपते, टीव्हीचा आवाजही वाढवत नाही. भाऊजी अजून म्हणतात गाठ परत वाढली असेल. लहान मुलांत वाढते कधीकधी, मान्य, पण इतक्या लवकर? मला नाही पटत.

हां, साध्या पद्धतीनेही सरावाच्या हातात नीट होतं, काही डॉक्टर आरसा लावून तपासतात, आणि दुर्बिणीनेही थोडं राहू शकतं. मूल मोठं होताना गाठ आपोआप आकसते, त्यामुळे त्रास कमी असेल तर आत्ताच करायलाच हवं का तेही विचारा. खर्च परवडत नसेल तर निदान शेवटी आत दुर्बिणीने बघून घेणार का एवढं तरी आधी विचाराच, आणि घरातल्या मोठ्यांच्या आधी मुलाच्या आईचं ऐका, रात्री त्याच्या उशाशी तीच जागी असते.