पुण्यात तीन लाखांचं पॅकेज की उदगीरमध्ये बारा हजार?

प्रश्न: मी २२ वर्षांची, उदगीरची. यंदा जूनमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पूर्ण झालं. हिंजवडीतल्या एका कंपनीने वर्षाला ३ लाखांची ऑफर दिली आहे. दिवाळीनंतर रुजू व्हायचंय. दोन वर्षांचा बाँड आहे, आधी सोडलं तर ७५ हजार भरायचे. इथे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये महिना १२ हजार मिळतात, घरीच राहता येईल. शैक्षणिक कर्जाची २ लाख ४० हजार मुद्दल आणि व्याज धरून आज ३ लाख बाकी आहेत, दर साडेदहा टक्के. घरी दरमहा ५ हजार पाठवायची इच्छा आहे. पुण्यात भागेल का?

उत्तर: भागेल, पण घरी पाच हजार पाठवून भागणार नाही. ते वडिलांना आत्ताच सांगून टाका.

तुम्ही ३ लाख भागिले १२ करून २५ हजार धरलेत. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता बघा. २१ हजार व्हेरिएबल आहे, म्हणजे वर्षातून एकदा, तेही मिळाले तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १८ हजार, ग्रॅच्युइटी ७,२०० आणि ईएसआयचे (कामगार आरोग्य विम्याचे) सुमारे ८ हजार तुमच्याच पॅकेजमध्ये मोजलेत. यातली ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तर सहसा पाच वर्षं टिकल्यावरच हाती पडते. हे सगळं वजा केलं की महिन्याला साडेवीस हजार उरतात. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि ईएसआयचे दीडशेच्या वर काही रुपये कापले जातील. हातात पडतील १८,८००. व्यवसाय कर कापला जायला नको, कारण महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत मासिक पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. शेजारच्या मुलाचे २०० जातात, म्हणून तुमच्याही स्लिपवर ते दिसले तर एचआरला लगेच विचारा. प्राप्तिकराचा तर प्रश्नच नाही.

आता खर्च. तुम्ही कळवलेली तीन जणींच्या खोलीतली पीजी नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह ७,५०० ला आहे. दुपारचं कॅन्टीन १,६००, येणं-जाणं १,५००, मोबाइल ३५०, साबण-शाम्पू-औषधं वगैरे १,५००. उदगीरची फेरी दोन महिन्यांतून एकदा धरली तर महिन्याला ५०० पुरावेत, एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. तुमच्या यादीत कपडे, कुणाचा वाढदिवस, बाहेरचं खाणं यांना जागाच नाही. हे खर्च नसतात असं नाही, लिहायचे राहून जातात. त्यांचे मी १,५०० धरतो. एकूण १४,४५० झाले. उरले ४,३५०.

पीजीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पहिल्या वर्षाचं गणित बहुतेक वेळा इथेच फिसकटतं. रविवारी रात्री मेस बंद असते का, लाइट बिल वेगळं आहे का, सोडताना किती दिवसांची नोटीस द्यायची, डिपॉझिटमधून ‘मेंटेनन्स’ म्हणून किती कापतात, हे पैसे देण्याआधी विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. डिपॉझिटची पावती मागा. ‘सगळ्यांचं असंच असतं मॅडम’ म्हणणाऱ्या काकूंकडे तर नक्कीच मागा.

पहिला पगार हातात येईपर्यंत डिपॉझिट, आगाऊ भाडं, गादी-बादली आणि महिनाभराचा खर्च मिळून २४ हजारांच्या आसपास लागतील. हे सोयाबीनच्या पैशांतून वडिलांनी द्यावेत. मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपला हात लावू नका, आणि सॅलरी अकाउंटबरोबर क्रेडिट कार्ड गळ्यात मारू लागले तर वर्षभर नको म्हणा.

खरा पेच पुढच्या उन्हाळ्यात आहे. कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. काही मंजुरीपत्रांत मात्र ‘किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, जे आधी असेल ते’ असं असतं. तुमचं पत्र काढून ती ओळ शोधा. ३ लाखांवर सात वर्षांच्या मुदतीत हप्ता ५,०५८ येतो. तुमच्याकडे उरतात ४,३५०. मुदत दहा वर्षं करून मागितली तर हप्ता ४,०४८ होतो आणि कसंबसं बसतं. त्याची किंमत म्हणजे एकूण सुमारे ६१ हजार जास्तीचं व्याज. तरी मी दहा वर्षंच घ्या म्हणेन. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या अशा कर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो, तेव्हा पगार वाढला की जास्तीचे भरून कर्ज लवकर संपवता येईल. व्हेरिएबल आलं तर तेही तिकडेच.

तोवर काय करायचं? हप्ता सुरू होईपर्यंतच्या सवलतीच्या काळातलं व्याज मुद्दलावर सरळ चढतं, तुमच्या बाबतीत महिना २,१००. ते पहिल्या पगारापासून भरत चला, म्हणजे आकडा ३ लाखांवरच थांबेल. उरलेले सव्वादोन हजार बँकेत आरडीला, म्हणजे दरमहाच्या ठेवीत टाका. मित्र एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) सुरू कर म्हणतोय, त्याला थांबायला सांगा. गाठीशी दोन महिन्यांचा खर्च नसताना बाजारात जायची घाई नको. पीएफ साठतोच आहे, फक्त नोकरी बदलताना तो काढू नका, ट्रान्सफर करा.

या कर्जात वडील सहकर्जदार आहेत. तुमचा हप्ता चुकला की त्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर बिघडतो आणि पुढच्या खरिपात पीककर्जाला बँक आढेवेढे घेते. त्यामुळे बँकेत भरलेला पैसा हाच घरी पाठवलेला पैसा समजा.

मग उदगीर? तिथे तीन हजार खर्च धरले तरी नऊ हजार उरतात, पुण्याच्या दुप्पट. कागदावर उदगीर जिंकतं, आणि आईचा कौल तिकडे असेल तर त्या चुकीच्या नाहीत. पण क्लासमध्ये पीएफ नाही, ईएसआय नाही, आणि दोन वर्षांनी बारा हजारांचे चौदा होतील. पुण्यात दोन वर्षं टेस्टिंग किंवा कोडिंगचं काम केलेली मुलं नोकरी बदलताना पाच लाख मागतात आणि बऱ्याच जणांना ते मिळतात, असं माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये दिसतं. महिन्याला साडेचार हजार कमी उरणं ही त्या अनुभवाची फी समजा. दोन वर्षांत ती लाखाच्या वर जाते. माझ्या मते ती द्यावी, पण काम तुमच्या शिक्षणाचं असेल तरच.

म्हणून होकार कळवण्याआधी एचआरला मेल करा, फोन नको. काम नेमकं कोणतं, प्रोजेक्ट मिळेपर्यंत पूर्ण पगार मिळतो का, रात्रपाळी असेल तर कॅब मिळते का, आणि बाँडची रक्कम सेवेच्या काळानुसार कमी होत जाते का. ‘बाँडला कोर्टात किंमत नसते’ असं कॉलेजात सांगतात, त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बाँड वैध ठरवला आहे. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची म्हणाले, तर तिथूनच परत फिरा. आणि उत्तरात रात्रपाळीचं कॉल सेंटर निघालं, तर ७५ हजारांचा बाँड करून जाऊ नका. क्लासचे बारा हजार घ्या, दरमहा सात हजार कर्जात भरा आणि दुसरी ऑफर शोधत राहा.