फेटलेलं शिया बटर आणि केस : वाचकांच्या शंका

शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांची चरबी, घरी फेटून केसांना लावण्याबद्दलची पत्रं थांबायला तयार नाहीत. प्रश्नही तेच ते, आणि बहुतेकांच्या मुळाशी कुणीतरी सांगितलेलं काहीतरी. म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेते.

प्रश्न : फेटून ठेवलेलं बटर दोन दिवसांत रवाळ झालं. भेसळ असेल का?

नाही. शियामध्ये मुख्यतः ओलिक आणि स्टिअरिक ही दोन मेदाम्लं असतात. सावकाश थंड होताना स्टिअरिकचा भाग आधी गोठतो आणि त्याचे कण धरतात. बटर पूर्ण वितळवा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करा आणि कडा धरू लागल्या, पण मध्यभाग अजून मऊ आहे, अशा वेळी फेटा. रवाळ झालेलंही वाया गेलेलं नसतं. तळहातांवर चोळलं की अंगाच्या उबेनेच कण विरघळतात.

प्रश्न : पिवळं अस्सल की पांढरं?

केसांना दोन्ही चालतात. कच्चं बटर मळकट पांढरं किंवा फिकट पिवळसर असतं आणि त्याला धुरकट वास येतो. शुद्धीकरण केलेलं पांढरं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. गडद पिवळा रंग वरूनही देता येतो, तेव्हा त्या रंगासाठी जास्त पैसे मोजू नका.

प्रश्न : बटर फेटताना कोरफडीचा ताजा गर घातला. टिकावं म्हणून व्हिटॅमिन ई-ही घातलं, तरी वर हिरवट ठिपके आले. ते काढून उरलेलं वापरू का?

अख्खी बरणी फेका. दिसतात ते ठिपके, बुरशी मात्र आतपर्यंत गेलेली असते. निव्वळ बटरमध्ये पाणी नसतं, म्हणून ते टिकतं. गर, गुलाबपाणी, इतकंच काय, आंघोळ करताना बुडवलेलं ओलं बोट, यातलं काहीही गेलं की जंतूंची सोय झाली. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं. बुरशी आणि जंतूंपुढे त्याचं काही चालत नाही. ‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून त्याची बाटली गळ्यात मारणाऱ्यांना हा फरक ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असून सांगायचा नसतो. गर हवाच असेल तर तो आधी केसांना लावा आणि बटर त्यावर. असलं बटर लावून डोक्यावर फोड किंवा खाज आली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : रोज लावते, तरी कुरळे केस कोरडेच.

कोरड्या केसांवर लावत असाल. बटर ओलावा देत नाही, असलेला अडवतं. कुरळ्या केसात डोक्याच्या त्वचेवरचं तेल वळणावळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं आधी वाळतात. केस धुऊन, निथळून, दमट असतानाच वाटाण्याएवढं बटर तळहातांवर वितळवा आणि केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावा. रोज थरावर थर चढवलात तर केस चिकट आणि निर्जीव दिसतील. मग शाम्पूला पर्याय नाही.

प्रश्न : कोंडा आहे. बटर मुळांशी चोळलं तर जाईल, असं ऐकलं.

ऐकलेलं सोडा. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही यीस्ट तेलातल्या मेदाम्लांवर जगते. ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती आहे, त्यांच्या त्वचेवर नुसतं ओलिक आम्लही पापुद्रे आणू शकतं, आणि शियामध्ये ते साधारण निम्मं असतं. बटर बंद करा आणि केटोकोनाझोल किंवा झिंक पायरिथिओनचा शाम्पू वापरून पाहा. महिनाभरात फरक नसेल, किंवा पापुद्रे जाड आणि खालची त्वचा लाल असेल, तर सोरायसिस नाही ना, हे तपासून घ्या.

प्रश्न : कपाळाला आणि कानशिलांना बारीक पुळ्या येताहेत.

केसांचं बटर उतरून येत असावं. याला पोमेड अ‍ॅक्ने म्हणतात, आणि 1970 पासून त्याचं वर्णन वैद्यकीय लिखाणात आहे. बटर केसांच्या कडेपासून लांब ठेवा. तरी पुळ्या राहिल्या तर दाखवा.

प्रश्न : बारीक घट्ट वेण्या घालते. कानांच्या वरचे केस विरळ झालेत. सहा महिने शिया बटरमध्ये पेपरमिंट तेल घालून चोळते आहे. आणखी किती दिवस लावू?

एकही दिवस नको. तुम्ही सहा महिने उपचार केलेले नाहीत, सहा महिने घालवले आहेत.

शिया बटर काम करतं ते केसाच्या दांड्यावर, म्हणजे त्वचेबाहेर आलेल्या निर्जीव भागावर. तिथे ते घर्षण कमी करतं, तुटणं कमी करतं. केस कमी तुटले की लांब दिसतात, आणि ‘बटरने केस वाढले’ ही अफवा बहुधा इथूनच निघते. नवा केस तयार होतो तो त्वचेच्या आतल्या मुळाशी. तिथे ओढ बसत असेल तर वरून काहीही चोपडा.

तुमचं वर्णन ओढीने होणाऱ्या केसगळतीशी जुळतं. आरशात नीट पाहा. विरळ पट्ट्याच्या पुढच्या कडेला बारीक, आखूड केसांची झालर उरली आहे का? या प्रकारात ती बरेचदा दिसते. सुरुवातीला ओढ थांबवली की केस परत येतात. ओढ वर्षानुवर्षं चालली तर मुळांच्या जागी व्रण तयार होतो, त्वचा गुळगुळीत होते, छिद्रं दिसेनाशी होतात. तिथे पुन्हा केस उगवत नाही.

दुसरा एक प्रकार टाळूच्या मध्यभागी सुरू होऊन बाहेर पसरतो. तो आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत जास्त आढळतो आणि त्यातही व्रण होतात. जळजळ, हात लावला की दुखणं, खाज या त्याच्या खुणा, पण काहींना त्या जाणवतही नाहीत. पेपरमिंटचा गारवा अशा वेळी जळजळ तेवढी झाकतो आणि रुग्ण आणखी उशिरा येतो. ‘हेअर ग्रोथ बटर’ अशी चिठ्ठी डकवून तीच चरबी चढ्या भावाने विकणाऱ्यांचा मला खरा राग येतो तो यासाठी.

वेण्या आजच सोडा किंवा सैल घाला. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, मुळं जिवंत आहेत का ते पाहतील, शंका वाटली तर त्वचेचा छोटा तुकडा तपासतील. औषध त्यानंतर ठरतं, आणि ते व्यक्तीनुसार बदलतं. इथे नाव लिहून देणार नाही.

प्रश्न : सुगंधी तेल किती थेंब घालावं?

शक्यतो शून्य. घालायचंच तर शंभर ग्रॅम बटरला एक ग्रॅमच्या वर नको, आणि तेही वजन करून, कारण प्रत्येक तेलाचा थेंब सारखा नसतो. आधी आठवडाभर दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर विषय संपला.

प्रश्न : हेच बटर तान्ह्या बाळाला?

पेपरमिंट किंवा कापूर घातलेलं अजिबात नाही. साधं असलं तरी बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.