‘आमच्याच घरात का?’ : मेंदू आणि मनाच्या आजारांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतले आजार वेगवेगळे आहेत, पण बहुतेक पत्रांत ‘कुणामुळे झालं?’ हा एकच प्रश्न आहे. कुणी घराण्याकडे बोट दाखवतं, कुणी नजर लागली म्हणतं, कुणी स्वतःलाच बोल लावतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मला वाटतं, या प्रश्नाचं शरीरातलं उत्तर जितकं कळेल तितकं घरातलं ओझं हलकं होईल.

प्रश्न : मोठ्या भावाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. मी ३१ वर्षांचा आहे, घरची द्राक्षबाग सांभाळतो. माझं लग्न ठरतंय. ‘हे रक्तातच असतं,’ असं नातेवाईक म्हणतात. मला किंवा पुढे माझ्या मुलांना होईल का? मुलीकडच्यांना सांगावं का? (एक वाचक, निफाड)

आधी आकडे सांगते, कारण कुजबुजीत ते कधीच नसतात. शंभरातल्या साधारण एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊ-दहांना. पुरुषांत हा आजार बहुधा सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान डोकं वर काढतो, म्हणजे तुमचा सगळ्यात नाजूक काळ मागे पडला आहे. तुमच्या मुलांसाठी, म्हणजे भावाच्या पुतण्या-पुतणींसाठी, हा आकडा शंभरात तीन-चार. बाकीच्या ९६-९७ जणांना तो होत नाही, हेही नातेवाइकांना ऐकवा.

आनुवंशिकता यात आहे, आणि ती मोठी आहे. पण अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला हा आजार असला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात आपल्या डीएनएमध्ये आजाराशी संबंधित २८७ जागा सापडल्या, आणि त्यांतली बहुतेक प्रत्येक जागा धोका अगदी किंचित वाढवते. म्हणून ‘लाळ पाठवा, आजार सांगतो’ अशा तपासण्यांवर पैसे घालवू नका. त्यामागचे हिशेब मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून केलेले आहेत, आणि एका माणसाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

त्या जागांपैकी एकीबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. सी-फोर नावाचं जनुक खरं तर प्रतिकारशक्तीचं. जंतूंवर ‘याला हटवा’ अशी खूण करणारं प्रथिन ते बनवतं. मेंदूतही याच यंत्रणेचा वापर होतो, नको असलेले पेशींचे जोड काढून टाकण्यासाठी. वयात येताना प्रत्येकाच्या मेंदूत अशी छाटणी होते, आणि बागेची छाटणी किती महत्त्वाची हे मी तुम्हाला काय सांगणार! २०१६ साली संशोधकांना दिसलं की सी-फोरचा एक प्रकार ज्यांच्यात जास्त तयार होतो, त्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा जास्त असतो. राखायची काडीही कापली जात असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. सगळ्या रुग्णांत हेच घडतं असं मात्र नाही.

तुमच्या हातात काय आहे? पुढे मुलं मोठी होतील तेव्हा त्यांना गांजापासून दूर ठेवा. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यासाठी गांजा खरोखर घातक ठरू शकतो. आणि मुलीला लग्नाआधी स्वतः सांगा, आकड्यांसकट. लपवलेली गोष्ट पुढे कळते तेव्हा आजारापेक्षा फसवणूक जास्त दुखते. शिवाय भाऊ तुमच्याच घरात राहणार, त्याची ओळख लपून कशी होईल?

प्रश्न : माझी भाची १९ वर्षांची. चार दिवस ताप, डोकेदुखी, मग एकाएकी भास, आरडाओरडा, झोप नाही. घरचे देवऋषीकडे घेऊन गेले. दहा दिवसांनी तिला फीट आली तेव्हा रुग्णालयात नेलं. पाठीतलं पाणी तपासून डॉक्टरांनी ‘स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर हल्ला केला’ असं सांगितलं. हे कसं शक्य आहे? ती बरी होईल ना? (एक मावशी, सोलापूर)

पाठीतलं पाणी तपासणाऱ्या डॉक्टरांनी योग्य दिशा पकडली. तुमच्या वर्णनावरून हा बहुधा एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांचा (अँटीबॉडींचा) मेंदूदाह, म्हणजे मेंदूची सूज, असावा. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हा आजार ओळखला. त्याआधी अशा किती मुली ‘वेड लागलं’ म्हणून कोंडल्या गेल्या असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात ते ग्राहींमार्फत, म्हणजेच रिसेप्टरमार्फत. शरीर चुकून याच ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही कमी होत जातात. आधी विचार आणि वागणं बिघडतं, मग बोलणं, हालचाली, शुद्ध. काही तरुण मुलींत अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ असते. तिच्यात मेंदूसारख्या पेशी असतात, आणि त्यांच्याशी लढायला बनलेली प्रतिपिंडं खऱ्या मेंदूवर उलटतात. काहींत नागीण कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूने झालेला मेंदूज्वर आधी होतो आणि काही आठवड्यांनी हा दुसरा हल्ला येतो. म्हणून भाचीच्या पोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय झाला का, हे आजच विचारा. गाठ असेल तर ती काढणं हाही उपचारच आहे.

बाकी उपचार स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तद्रव बदलणं आणि गरज पडली तर त्यापुढची औषधं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या पाहणीत दोन वर्षांच्या अखेरीस पाचांपैकी चार जण चांगले सावरले होते. लवकर उपचार मिळालेले जास्त सावरले. मात्र सुधारणा हळू होते, महिने लागतात, आणि आठवण सगळ्यात शेवटी परत येते. दोन महिन्यांनी ‘अजून तशीच आहे’ म्हणून धीर सोडू नका.

इतर वाचकांसाठी : तरुण व्यक्तीचं वागणं काही दिवसांत पार बदललं आणि सोबत ताप, फीट, तोंडाच्या विचित्र हालचाली, बोलणं बंद होणं किंवा शुद्ध कमी-जास्त होणं यातलं काही असलं, तर तिथून थेट रुग्णालय. मेंदूचा एमआरआय पुष्कळदा स्वच्छ येतो, तेवढ्याने निर्धास्त होऊ नका.

प्रश्न : आम्ही माळकरी, अंडंही खात नाही. मुलाला आकडी आली, स्कॅनमध्ये ‘डुकराच्या मांसातल्या जंताची गाठ’ निघाली. गावात तोंड दाखवायची लाज वाटते. (एक वाचक, पंढरपूरजवळून)

लाज वाटण्यासारखं काहीही घडलेलं नाही. डुकराचं मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्यावर, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात, भाजीवर येतात. कोथिंबीर, काकडी, कुणाचे न धुतलेले हात, एवढं पुरतं. माळेला याने काही बाध येत नाही.

या आजारात प्रतिकारशक्तीचा खेळ फार विलक्षण आहे. जिवंत गाठ शरीराला चकवून वर्षानुवर्षं गप्प बसते. ती मरू लागली की शरीराला ती ‘दिसते’, सूज येते आणि आकडी येते. म्हणूनच जंताची गोळी दुकानातून आणून देऊ नका. गाठी एकदम मेल्या तर सूज वाढते, त्यासाठी सोबत स्टिरॉइड लागतं आणि आधी डोळेही तपासावे लागतात.

प्रश्न : नागिणीची लस घेतली तर स्मृतिभ्रंश टळतो म्हणे? वय ६८. (एक वाचक, ठाणे)

बातमी वेल्समधल्या अभ्यासाची आहे. तिथे २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळणार होती, त्याआधी जन्मलेल्यांना नाही. त्यामुळे जवळजवळ एकाच वयाच्या दोन गटांची तुलना आपोआप झाली. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान सुमारे एक पंचमांशाने कमी होतं. मला हा पुरावा वजनदार वाटतो. पण ती लस जिवंत विषाणूची होती, आणि भारतात २०२३ पासून मिळणारी वेगळ्या जातीची आहे. तुम्ही लस घ्या, पण नागिणीच्या जीवघेण्या कळा टाळण्यासाठी. बाकी मिळालं तर वरचं. आणि विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हे खरं नाही. पुरळ उठताच तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे जा.

प्रश्न : मुलाच्या वेळी पाचव्या महिन्यात मला कडक ताप आला होता. आता २३ व्या वर्षी त्याला भास होतात. माझ्यामुळेच ना? (एक आई, डोंबिवली)

नाही हो ताई. १९५७ च्या फ्लूच्या साथीत हेलसिंकीत ज्या स्त्रियांचे गरोदरपणाचे मधले महिने चालू होते, त्यांच्या मुलांत स्किझोफ्रेनिया जास्त दिसला, असं १९८८ साली मांडलं गेलं. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. धोका असलाच तर थोडा, आणि तोही हजारोंच्या गटात दिसणारा. गरोदरपणी ताप आलेल्या बहुतेक बायकांची मुलं ठणठणीत असतात. एका मुलाकडे बोट दाखवून ‘हे त्या तापाने झालं’ असं कुठलाही डॉक्टर म्हणू शकत नाही.

आमच्याच शास्त्राने विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘आईच्या थंड वागण्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो’ असं शिकवलं. ते साफ चुकीचं होतं, पण हजारो आयांनी तो दोष वाहिला. तुम्ही पुन्हा तो उचलू नका. तापाची गोष्ट मुलाच्या डॉक्टरांना माहिती म्हणून सांगा, तेवढ्यापुरतीच. आणि रात्री जीव कासावीस झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि मुलाविषयी नको, तुमच्याविषयी बोला.